निजलेल्या चिपचं वीजबिल

बायो, गळतीचा हिशोब तासांत मांडायला शीक. चिप धावते तेव्हा किती वीज खाते, हे सगळेच विचारतात. ती नुसती पडून असते तेव्हा किती खाते आणि दिवसातला किती वेळ पडून असते, हे विचारणारा टीममध्ये एखादाच. लो-पॉवरच्या कामावर घेतलंय म्हणालीस, तर पहिल्या मीटिंगपासून हा प्रश्न तुझा.

हिशोब अवघड नाही. गाडीच्या किल्लीत किंवा वजनकाट्यात बसतो तो २०३२ चा बटनसेल साधारण २२५ मिलिअँपिअर-तासांचा असतो. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार कर, पंचवीस-सव्वीस मायक्रोअँपिअर येतात. म्हणजे काडीचंही काम न करता पंचवीस मायक्रोअँपिअर गळणारी चिप तो सेल वर्षभरात संपवते. तीच गळती एक मायक्रोअँपिअरवर आणलीस तर कागदावर पंचवीस वर्षं निघतात, आणि तेवढ्यात सेल आपल्याच वयानं मरतो. इथं आमच्या आरे-वाऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी भरतीची पातळी मोजणारं यंत्र बसवलं असं धर. ते दहा मिनिटांनी एकदा जागं होणार, पातळी घेणार, निरोप धाडणार आणि परत निजणार. दिवसाचा नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळ ते झोपलेलंच. त्याचा सेल किती टिकेल, हे मोठ्या अंशी झोपेतल्या खर्चावर ठरतं. 

आता गळतं का, ते एकदा नीट समजून घे, मग पुढचं सगळं आपोआप सुचत जाईल. खाजणातल्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून आपल्याकडे बांध घालतात. खाडीची पातळी बांधाच्या खाली असली तरी लाटेची उसळी अधूनमधून वरून येतेच. बांध वीतभर उंच केला की ही उसळी झपाट्यानं घटते, वीतभर खचला की शेत खारं झालंच म्हणून समज. ट्रान्झिस्टरमध्ये बांधाची उंची म्हणजे थ्रेशोल्ड व्होल्टेज आणि लाटांचं उधाण म्हणजे तापमान. खोलीच्या तापमानाला, अगदी आदर्श ट्रान्झिस्टर घेतला तरी, गळती दहापट घटवायला साठ मिलिव्होल्ट मोजावे लागतात. हा आकडा निसर्गाचा आहे, फॅबवाल्यांना त्याच्या खाली जाता येत नाही. जुन्या सपाट ट्रान्झिस्टरात तो ऐंशी ते शंभर असायचा. उलटं वाचलंस तर थ्रेशोल्ड शंभर मिलिव्होल्ट खाली आला की गळती दहापट झाली. या व्यवसायातले निम्मे वाद या एका वाक्यात मिटतात.

पूर्वी हे कुणाला सलत नव्हतं. १९६३ मध्ये फ्रँक वॉनलास यांनी सीमॉस मांडलं. त्याचं कौतुकच हे होतं, की स्वस्थ बसलेल्या गेटला जवळपास वीज लागत नाही. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी वाट आखून दिली: ट्रान्झिस्टर लहान करा, व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवा, चौरस मिलिमीटरमागची वीज तेवढीच राहील. पण व्होल्टेज उतरवून वेग टिकवायचा तर थ्रेशोल्डही उतरवावा लागतो, आणि साठ मिलिव्होल्टचा आकडा काही कुणासाठी उतरत नाही. तिथे गाडं अडलं. मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून अमेरिकेत गेलेले शेखर बोरकर तेव्हा इंटेलमध्ये होते. १९९९ च्या लेखात त्यांनी हिशोब मांडला, की थ्रेशोल्ड असाच उतरत राहिला तर दर पिढीला बंद ट्रान्झिस्टरची गळती पाचपट होईल. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट तर तुला रोज लागेल. १८० नॅनोमीटरच्या एकाच नमुन्याच्या प्रोसेसरांमध्ये वेगाचा फरक तीस टक्क्यांच्या घरात होता आणि गळतीचा वीसपट. मे २००४ मध्ये इंटेलनं ‘तेजस’ प्रोसेसरचं काम अर्ध्यावर सोडलं. घड्याळाचा वेग वाढवत नेण्याऐवजी एका चिपवर अनेक गाभे बसवायचा रस्ता धरला. त्यामागे उष्णतेचं कारण मोठं होतं आणि त्या उष्णतेत गळतीचा वाटा होता.

त्या वीसपटीत एक कानमंत्र आहे. सरासरी चिप नावाची वस्तू गळतीच्या बाबतीत नसते. डेटाशीटवर कुणी ‘टिपिकल’ गळती लिहिली की लगेच विचारायचं, किती तापमानाला आणि शंभरातल्या कितव्या चिपची? थ्रेशोल्डमधला थोडासा फरक गळतीत घातांकानं फुगतो, त्यामुळे वितरणाची शेपटी एका बाजूला लांबच लांब जाते. आणि जी चिप सगळ्यात वेगवान तीच सगळ्यात जास्त गळते, कारण दोन्हींचं मूळ एकच, खाली आलेला थ्रेशोल्ड. म्हणून वेगवान निघालेल्या चिपला पूर्ण व्होल्टेज देणं हा उधळेपणा आहे. वेग मोजणारं छोटं सर्किट चिपवरच ठेव आणि जेवढ्यात काम भागतं तेवढंच व्होल्टेज दे. जास्त गळणाऱ्या चिपांनाच त्याचा जास्त फायदा होतो, हे या युक्तीचं देखणेपण.

तुझं कॉलेजातलं प्रोजेक्ट १८० नॅनोमीटरचं होतं. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत त्याच मापाच्या चिपा बनतात. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या चमूनं आखलेला ‘अजित’ प्रोसेसरही तिथेच, त्याच मापात घडला. शिकायला हे माप फार चांगलं, पण त्यानं एक सवय वाईट लागते. १.८ व्होल्टचा, उंच थ्रेशोल्डचा ट्रान्झिस्टर इतका कमी गळतो की वीज फक्त क्लॉकच्या ठोक्याबरोबरच खर्च होते, असं डोक्यात बसतं. इंटेलची वीसपट मात्र त्याच १८० नॅनोमीटरची होती! फरक एवढाच, की ती प्रोसेस वेगासाठी ताणलेली होती. तेव्हा नॅनोमीटरचा आकडा ऐकून गळतीचा अंदाज बांधू नकोस. फाउंड्रीकडे एकाच मापाचे दोन-तीन प्रकार असतात, कमी गळतीचा आणि जास्त वेगाचा. कुठला घेतलाय ते आधी विचार. पाया कच्चा वाटला तर आयआयटी मुंबईचेच प्रा. ए. एन. चांदोरकर यांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं आहेत, ती सावकाश बघ. दोन वेळा बघितलीस तरी चालेल, मी बघितली आहेत.

आता तुझ्या टेबलावरच्या कामाकडे येऊ. माझे पहिले वरिष्ठ नवीन माणसाला टूल उघडू देत नसत. कोरा कागद द्यायचे आणि चार रकाने आखायला लावायचे. चिपवरचा प्रत्येक ब्लॉक घ्यायचा आणि लिहायचं: हा कधी निजतो, किती वेळ निजतो, हाक मारल्यावर किती लवकर उठला पाहिजे, आणि उठल्यावर त्याला काय आठवलं पाहिजे. मला तेव्हा हे पोरखेळ वाटायचं. नंतर कळलं, की गळतीची खरी कपात याच कागदावर होते. टूल जे काही वाचवून देतं, ते या कागदावर सुटलेल्या गोष्टींपुढे किरकोळ. झोप क्षणभराची असेल तर नुसता क्लॉक थांबव. त्यानं गळती थांबत नाही, हे विसरायचं नाही; क्लॉक गेटिंग करून ‘पॉवर वाचवली’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. झोप लांब असेल आणि आठवण ठेवायची नसेल तर वीजच तोड. लांब झोप आणि थोडी आठवण, तर तेवढेच फ्लॉप रिटेन्शनचे कर. इथं हात आखडता ठेव. ‘सगळीच स्थिती जपू’ असं म्हणणारा आर्किटेक्ट भेटला की त्याला विचार, यातलं काय परत मोजून काढता येईल? बहुतेक वेळा बरंच काही येतं.

वीज तोडायलाही वीज लागते. स्विचचं गेट हलवायचं, रिकामं झालेलं व्होल्टेज पुन्हा भरायचं, जपलेली स्थिती परत आणायची. झोपेत वाचलेली वीज या खर्चाला पुरली तरच झोप परवडली. हा बरोबरीचा वेळ काढून ठेव, आणि थंड चिपसाठी वेगळा, गरम चिपसाठी वेगळा. गरम असताना गळती जास्त, म्हणून छोटी झोपही फायद्यात जाते. थंडीत तीच झोप तोट्याची ठरू शकते.

पॉवर गेटिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चिपा इथेच मरतात. कल्पना सोपी: ब्लॉक आणि वीजवाहिनी यांच्यामध्ये उंच थ्रेशोल्डचे स्विच घालायचे. वरच्या बाजूला घाल किंवा जमिनीच्या बाजूला, पुस्तकात दोन्ही आहेत. मी वरचे पसंत करतो. जमीन सगळ्यांची एकच राहते, त्यामुळे एका डोमेनमधून दुसऱ्यात जाणाऱ्या सिग्नलांचा गोंधळ कमी होतो. स्विच थोडे रुंद करावे लागतात, ती किंमत द्यावी. स्विच कमी घातले तर ब्लॉक धावताना व्होल्टेज बसतं आणि टायमिंग जातं. जास्त घातले तर स्विचच गळायला लागतात. मधला आकडा अंदाजानं ठरवायचा नसतो. ब्लॉक सगळ्यात जास्त वीज ओढतो त्या क्षणाचं व्होल्टेज मोजून ठरवायचा.

सगळे स्विच एकदम उघडायचे नाहीत. रिकामा ब्लॉक एका झटक्यात भरायला गेलीस तर शेजारच्या जाग्या ब्लॉकचं व्होल्टेज खाली येतं आणि तो बिचारा काहीही चूक नसताना आकडे विसरतो. आधी थोडे कमकुवत स्विच साखळीनं उघड, व्होल्टेज बऱ्यापैकी वर आलं की मग मोठे. यात उठायला वेळ जातो. तो वेळ त्या कागदावरच्या तिसऱ्या रकान्यात बसतोय का, ते बघ.

क्रम पाठ असू दे. निजताना: क्लॉक थांबव, आयसोलेशन लाव, स्थिती जप, वीज तोड. उठताना: वीज दे, रीसेट कर, स्थिती परत आण, आयसोलेशन काढ, क्लॉक सोड. आयसोलेशन विसरलं तर निजलेल्या ब्लॉकची तार ना शून्य ना एक, मधेच कुठेतरी लोंबकळते. पलीकडच्या जाग्या गेटमधले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू होतात आणि वाहिनीपासून जमिनीपर्यंत सरळ करंट वाहू लागतो. गळती वाचवायला गेलेली चिप निजल्यावर आधीपेक्षा जास्त खाते, आणि लॅबमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

दुसरी जागा तपासायची ती अशी. दोन जाग्या ब्लॉकमधली लांब तार निजणाऱ्या ब्लॉकवरून जात असेल, तर टूल मधे बफर टाकतं. तो बफर निजणाऱ्या ब्लॉकच्या विजेवर बसला तर तार अर्ध्यात मेली. तो कायम जाग्या विजेवरच हवा. रिटेन्शनचे आणि आयसोलेशनचे कंट्रोल सिग्नल तर असेच, त्यांच्या वाटेवरचा एकही बफर निजता कामा नये. हे सगळं यूपीएफ फायलीत लिहायचं असतं. २००७ मध्ये ॲक्सेलेरानं ती भाषा आणली आणि २००९ पासून ती आयईईईचं १८०१ क्रमांकाचं प्रमाण आहे. ती फाइल कुणा ज्युनिअरनं शेवटच्या आठवड्यात लिहायची गोष्ट नाही. आरटीएलबरोबरच लिही, तिच्यासकट सिम्युलेशन चालव, आणि ब्लॉक निजल्यावर त्याच्या आतलं सगळं ‘एक्स’ झालंय ना, ते डोळ्यांनी बघ. लेआउटनंतर पुन्हा तपास, कारण बफर तेव्हाच आलेले असतात. आणि हे सगळं झोपवणारा-उठवणारा जो कंट्रोलर, त्याला कोण उठवणार, हा प्रश्न मीटिंगमध्ये तूच विचार. हसतील. विचार तरीही.

आता थ्रेशोल्डची निवड. लायब्ररीत एकच गेट तीन-चार थ्रेशोल्डमध्ये मिळतं. आळशी रीत अशी, की सगळीकडे खालच्या थ्रेशोल्डची वेगवान गेटं वापरायची, टायमिंग जमवायचं आणि शेवटी टूलला सांगायचं, जिथे सवड आहे तिथे उंच थ्रेशोल्डची बसव. मी उलट्या वाटेनं जायला सांगेन. सुरुवात उंच थ्रेशोल्डनं कर, आणि जो मार्ग खरोखर अडतो त्यालाच वेगवान गेटं दे. वेगवान गेटांना पहिल्याच दिवशी शेकड्याची मर्यादा घालून ठेव आणि ती वाढवायची झाली तर कारण लिहून घे. मर्यादा नसली की प्रत्येक जण आपल्या ब्लॉकपुरती थोडी उचलतो आणि शेवटी गळतीचा धनी कुणीच नसतो. एखादा मार्ग सारखाच अडत असेल तर थ्रेशोल्डऐवजी आरटीएलकडे बघ. तिथे एक पाइपलाइनची पायरी वाढवणं सगळ्यात स्वस्त पडतं, फक्त ते सांगायला आरटीएलवाल्याशी भांडावं लागतं. नव्या मापांत आणखी एक अडचण असते. एका थ्रेशोल्डच्या शेजाऱ्यांत दुसऱ्या थ्रेशोल्डचं एकटंच छोटं गेट बसवता येत नाही, इम्प्लांटच्या पट्ट्याला किमान रुंदी लागते. प्लेसमेंट झाल्यावर टूलनं केलेले बदल त्यामुळे तिथेच अडतात.

टायमिंग जमल्यावर उरलेली सवड गळतीच्या बदल्यात वसूल करताना अति लोभ करू नकोस. सगळ्या मार्गांची सवड खरवडून काढली की हजारो मार्ग एकाच काठावर येऊन उभे राहतात. कागदावर टायमिंग जमलेलं असतं. पण फॅबमधून येताना प्रत्येक मार्ग थोडा इकडेतिकडे होणार, आणि एवढ्यांतला एखादा तरी पलीकडे पडणार. थोडी सवड मुद्दाम सोड.

या वसुलीतच एक खोड लपलेली असते, ती ऐकून ठेव. कमी व्होल्टेजवर चिप गरम झाली की हळू होते, हा जुना नियम उलटतो. उष्णतेनं इलेक्ट्रॉनांची चाल मंदावते, पण थ्रेशोल्डही खाली येतो, आणि कमी व्होल्टेजला हा दुसरा परिणाम वरचढ ठरतो. मग सगळ्यात हळू कॉर्नर थंडीचा होतो, आणि उंच थ्रेशोल्डची गेटं तिथे जास्तच सुस्तावतात. तू गळती वाचवायला जी गेटं बदललीस तीच उणे चाळीस अंशांना टायमिंग पाडतात. वसुलीनंतर थंड कॉर्नर पुन्हा चालवल्याशिवाय उठायचं नाही.

गळती मात्र गरम कॉर्नरलाच मोजायची: वेगवान सिलिकॉन, जास्तीत जास्त व्होल्टेज, जास्तीत जास्त तापमान. पंचवीस अंशांचा आकडा विक्रीच्या माणसांसाठी असतो. मे महिन्यात इथं वरच्या वळणावर गाड्या उभ्या करून लोक आरे आणि वारे या दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढायला उतरतात. एखाद्याचा दुसरा फोन उन्हात डॅशबोर्डवरच राहतो; तो काही काम करत नसतो, तरी त्याची चिप तापत असते, आणि तापते तशी गळत असते. खोलीच्या तापमानापासून शंभर अंशांच्या पुढे जाताना गळती दहापट सहज होते, काही प्रोसेसमध्ये त्याच्याही कितीतरी पुढे जाते. गळतीनं उष्णता, उष्णतेनं आणखी गळती. पॅकेजला ती उष्णता बाहेर टाकता आली नाही तर हे चक्र कुठेच थांबत नाही. वीज आणि तापमान यांचा हिशोब म्हणून एकत्र करायचा, एकाचं उत्तर दुसऱ्यात घालून, दोन्ही स्थिरावेपर्यंत.

थ्रेशोल्डखेरीज आणखी एक हत्यार आहे, चॅनेलची लांबी. १९९६ मध्ये डीईसी कंपनीनं स्ट्राँगआर्म प्रोसेसर केला, १६० मेगाहर्ट्झ आणि अर्धा वॅट. त्यात कॅशमधले आणि इतर काही ठिकाणचे ट्रान्झिस्टर त्यांनी मुद्दाम किंचित लांब ठेवले, का तर उभ्या चिपची गळती आवाक्यात यावी. इतकी जुनी युक्ती आजही लायब्ररीत मिळते. वेग थोडा जातो, गळती त्या मानानं बरीच घटते. मला ही फार आवडते, कारण आणखी एक थ्रेशोल्ड घेतला की मास्कही वाढतो, लांबी वाढवायला तो लागत नाही.

मेमरीकडे दुर्लक्ष करू नकोस. आजच्या चिपवर अर्धी जागा एसरॅमची असली तरी नवल वाटायला नको, आणि तिची प्रत्येक पेशी कायम जागी असते. मोठी मेमरी एकसंध घेऊ नकोस, बँका पाड म्हणजे न लागणारी बँक पूर्ण बंद करता येईल. आकडे जपायचे असतील तर भोवतीची डीकोडरची यंत्रणा बंद कर आणि पेशींना फक्त आकडा धरून ठेवण्यापुरतं व्होल्टेज दे. मिशिगनच्या मंडळींनी २००२ मध्ये कॅशच्या ओळी अशा पेंगुळत्या ठेवण्याची कल्पना मांडली होती. पण ते व्होल्टेज किती खाली न्यायचं हे लाखो पेशींतली सगळ्यात कमकुवत एक पेशी ठरवते. सिम्युलेशनवर विसंबू नकोस, खऱ्या चिपांवर, थंड आणि गरम दोन्ही, तपासून मगच आकडा पक्का कर.

गेटखालच्या ऑक्साइडमधून होणारी गळती हा एके काळी मोठा घोर होता. तो थर १.२ नॅनोमीटरवर आला होता, म्हणजे अणूंचे चार-पाच थर. २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरला इंटेलनं हॅफ्नियमचा जाड थर आणला आणि तो घोर बराच मिटला. चेनमिंग हू यांच्या बर्कलीतल्या कामातून आलेला फिनफेट २०१२ मध्ये २२ नॅनोमीटरला बाजारात आला. गेटनं चॅनेल तीन बाजूंनी धरल्यामुळे साठ मिलिव्होल्टच्या आणखी जवळ जाता आलं. त्याच्या बदल्यात बॉडी बायस हातचा गेला: खालून उलटं व्होल्टेज देऊन थ्रेशोल्ड उचलायची ती युक्ती फिनफेटमध्ये जवळजवळ लागू पडत नाही. एफडी-एसओआय प्रोसेस मिळाली तर मात्र ती युक्ती जरूर वापर.

गेटांच्या इनपुटवर ठरावीक शून्य-एक लावून झोपवण्याची पद्धत पेपरांत फार दिसते. तत्त्व खरं आहे: एकाखाली एक असे दोन ट्रान्झिस्टर बंद असले की एकट्याच्या मानानं बरंच कमी गळतं. पण मोठ्या चिपवर एवढा खटाटोप केल्याचं चीज होताना मी पाहिलं नाही. फुकटात मिळतं तिथे घे. उदाहरणार्थ, पुढेमागे लागतील म्हणून पेरून ठेवलेल्या सुट्या नँड गेटांचे इनपुट शून्याला बांध, एकाला नको. होल्ड दुरुस्तीचे बफर उंच थ्रेशोल्डचे घे. तसाही तिथे हळूपणाच हवा असतो, आणि संख्येनं ते हजारोंनी असतात. रिकाम्या जागेत टूल डीकॅप कोंबतं. पातळ ऑक्साइडचे असतील तर तेही गळतात, तेव्हा लागतील तेवढेच ठेव आणि बाकी साधे फिलर टाक.

चिप हातात आली की मोजायची वेळ. एक जुनी चाचणी होती, क्लॉक थांबवून नुसता करंट मोजायची. निरोगी चिप काहीच ओढत नसे, म्हणून दोष असलेली लगेच उघडी पडायची. आता निरोगी चिपच इतकी गळते की दोष त्यात बुडून जातो. तरी ती सोडू नकोस. दोन तापमानांना मोज आणि गुणोत्तर बघ. खरी गळती तापमानाबरोबर झपाट्यानं वाढते, तारांमधला शॉर्ट तितका वाढत नाही.

आणि बोर्ड. लोक चिपची गळती नॅनोअँपिअरपर्यंत खाली आणतात आणि बोर्डावर १० किलोओहमचा पुल-अप खाली ओढून धरतात. ३.३ व्होल्टला तिथे ३३० मायक्रोअँपिअर वाहतात, पहिल्या हिशोबातला तो सेल महिनाभरातच संपेल. निजण्यापूर्वी प्रत्येक पिन कुठल्या स्थितीत सोडायची याचा तक्ता फर्मवेअरवाल्याबरोबर बसून कर. लोंबकळती इनपुट पिन एकही नको. आमच्याकडे पावसाळ्यात दुसरीच गंमत होते. हवा खारी, दमट. सोल्डरिंगचा फ्लक्स नीट पुसलेला नसला की दोन तारांमधल्या बोर्डाच्या पृष्ठभागावरूनच करंट सरकतो. तिथला रोध एक मेगाओहमपर्यंत घसरला तर ३.३ व्होल्टला ३.३ मायक्रोअँपिअर गेले, एक मायक्रोअँपिअरवर आणलेल्या चिपच्या झोपेच्या तिपटीहून जास्त, आणि दोष मात्र चिपवर येतो. किनाऱ्यावर बसणारा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ धुऊन, वाळवून, वर संरक्षक लेप देऊनच पाठव. लॅबमध्ये मोजतानाही चिप लावण्यापूर्वी रिकाम्या सॉकेटचा करंट त्याच हवेत, त्याच दिवशी मोजून लिहून ठेव आणि चिपच्या आकड्यातून वजा कर.